इंदूरच्या घरांतला मायक्रोवेव्ह : भांडं कोणतं, गरम काय करावं आणि कधी हात लावू नये

इंदूर | प्रतिनिधी

रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर अशा इंदूरच्या जुन्या मराठी वस्त्यांमध्ये आता कितीतरी घरांत दोनच माणसं राहतात. मुलं पुण्याला, बेंगळुरूला, नाहीतर परदेशात. दिवाळीला आलेला मुलगा किंवा सून "आई, सारखं गॅसपाशी उभं राहू नका" म्हणत मायक्रोवेव्ह आणून ओट्यावर ठेवतात. चार दिवस कौतुक होतं. मुलं परत गेली की त्यावर क्रोशाचं झाकण पडतं आणि झाकणावर फुलदाणी येते. किंवा रोजच्या सवयीने स्टीलची वाटी आत जाते, चरचर आवाज होऊन ठिणगी उडते आणि "नको रे बाबा ते" म्हणून यंत्र कायमचं बंद होतं.

खरं तर वयस्क माणसांच्या घरात हे यंत्र फार उपयोगाचं आहे. ज्योत नाही, पदर पेटण्याची भीती नाही, आणि वेळ संपली की ते आपणहून बंद होतं. पण लोक भितात ते किरणांना. प्रत्यक्षात घरात भाजतं ते उकळतं पाणी, झाकणाखालची वाफ आणि जिलबीतला पाक यांनी. म्हणून आधी किरणांचं बोलून घेऊ.

किरणं किती, भीती किती

१९४५ च्या सुमारास अमेरिकेत रेथिऑन कंपनीत रडारच्या मॅग्नेट्रॉनवर काम करताना पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातली गोळी वितळली, त्यातून ही कल्पना निघाली असं सांगतात. १९४७ मध्ये आलेलं पहिलं यंत्र माणसाच्या उंचीचं आणि सुमारे ३४० किलोचं होतं. घरच्या ओट्यावर मावेल असा ओव्हन अमेरिकेत १९६७ मध्ये विक्रीला आला.

आत निघणाऱ्या लहरी साधारण २४५० मेगाहर्ट्झच्या असतात, म्हणजे वायफाय वापरतं त्याच टापूतल्या. फक्त इथे ताकद खूप जास्त असते आणि ती लोखंडी पेटीत कोंडलेली असते. या लहरी अन्नातल्या पाण्याच्या रेणूंना जोरात हलवतात, त्यातून उष्णता तयार होते. क्ष-किरणांसारखं हे पेशींचे रेणू तोडणारं उत्सर्जन नाही. बटण बंद झालं की लहरीही बंद, खोलीतला दिवा मालवावा तशा. अन्नात त्या "उरत" नाहीत. दाराच्या काचेमागची जाळी सहज म्हणून लावलेली नसते. लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर आणि जाळीची भोकं मिलिमीटरभराची, त्यामुळे आपल्याला आतलं दिसतं पण लहर बाहेर येत नाही. अमेरिकेच्या नियमानुसार ओव्हनच्या पूर्ण आयुष्यात, पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर, गळती दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटच्या वर जाता कामा नये. थोडं दूर सरकलं की हा आकडा झपाट्याने घटतो.

मात्र हे सगळं दार धड असेल तर. दार वाकडं झालं, बिजागरी ढिली झाली, काचेला तडा गेला किंवा दार नीट लागत नसेल तर ओव्हन वापरायचा नाही. उघड्या दारावर हात टेकून उभं राहायची सवय याच कारणाने वाईट. पेसमेकर बसवलेल्यांना पूर्वी मायक्रोवेव्हपासून लांब राहायला सांगत. आताच्या पेसमेकरला चांगल्या स्थितीतल्या ओव्हनचा त्रास होत नाही, पण यंत्र बसवणाऱ्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावं.

सगळं अडतं ते भांड्यापाशी

आपली अडचण ही की घर स्टीलचं. ताट, वाटी, डबा, पातेलं सगळं स्टील. शिवाय देवाधर्माचं पितळ आणि जेवणाचं कासं. धातूवरून लहर परत फिरते, म्हणून स्टीलच्या वाटीतली आमटी बाजूंनी थंडच राहते. टोकं, कडा आणि पातळ पत्रा असेल तिथे ठिणगी पडते. काटा-चमचा, अॅल्युमिनियमची चांदी, सोनेरी किनारीचे कप ही ठिणगीची नेहमीची कारणं. लग्नात आहेर आलेला सोनेरी किनारीचा टी-सेट दिसायला चिनीमातीचा असला तरी ती किनार धातूची असते. तो कपाटातच बरा.

चालतं काय? बोरोसिलिकेट काचेची भांडी सगळ्यात निर्धोक. साधी, किनार नसलेली चिनीमाती चालते. साध्या काचेचा पेला मात्र गरम होऊन तडकू शकतो. मेलामाइनच्या प्लेटा पाहुण्यांसाठी छान, पण त्या स्वतःच तापतात आणि तडकतात, तेव्हा आत नकोत.

प्लॅस्टिकचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण श्रीखंडाचा रिकामा डबा आपल्याकडे कोणी टाकत नाही. तो डबा थंड पदार्थासाठी बनवलेला असतो. त्यात भाजी घालून गरम केली की बूड लिबलिबीत होतं. डब्याच्या तळाशी त्रिकोणात ५ आकडा असेल तर तो पॉलिप्रॉपिलीनचा. त्यावर मायक्रोवेव्हची खूणही असेल तरच वापरावा. खूण असली तरी तूप, तेल, साखर जास्त असलेला पदार्थ प्लॅस्टिकमध्ये नको. पाणी १०० अंशांवर थांबतं, तेल आणि पाक थांबत नाहीत. शिरा, पुरण, रस्सा हे काचेतच. चरे पडलेला, पांढुरका झालेला डबा बाद करावा.

हाताशी असलेलं भांडं चालेल की नाही हे कळत नसेल तर एक सोपी तपासणी आहे. धातू किंवा सोनेरी किनार नसलेलं ते भांडं रिकामंच आत ठेवा, शेजारी काचेच्या कपात पाणी भरून ठेवा आणि पूर्ण ताकदीवर एक मिनिट चालवा. पाणी कोमट आणि भांडं गार असेल तर ते चालतं. भांडंच तापलं असेल तर चालत नाही. पाण्याचा कप विसरायचा नाही. आत शोषून घेणारं काहीच नसेल तर लहरी परतून मॅग्नेट्रॉनवर जातात आणि तो लवकर जातो. नातवंडं रिकामा ओव्हन चालू करतात, त्यांच्यासाठी आत एक कप पाणी ठेवून देणारी घरं आहेत. युक्ती वाईट नाही.

कन्व्हेक्शनचा ओव्हन असेल तर गोंधळ आणखी वाढतो. नुसत्या कन्व्हेक्शनवर, म्हणजे गरम हवेवर, केकचा अॅल्युमिनियमचा डबा चालतो. तेच मायक्रोवेव्हवर किंवा दोन्ही एकत्र असलेल्या कॉम्बिनेशनवर टाकायचं नाही. बटण कोणतं दाबलं यावर सगळं अवलंबून असतं, आणि चूक नेमकी तिथेच होते.

पोहे, जिलबी, कचोरी आणि रात्रीचा भात

इंदुरात सकाळ पोह्यांनी होते. दुकानातले पोहे वाफेवर ठेवलेले असतात, म्हणून ते मऊ राहतात. घरी आणलेले तासाभराने कोरडे होतात. ते काचेच्या भांड्यात काढावेत, वरून चमचा-दोन चमचे पाणी शिंपडावं, झाकण किंचित फटीत ठेवावं आणि एका प्लेटला ४०-५० सेकंद द्यावेत. शेव, जिरावन, कांदा, डाळिंब हे सगळं नंतर. शेव घालून गरम केली की तिचा लगदा होतो. पोहे ज्या वर्तमानपत्रात बांधून आले त्याच कागदासकट आत ठेवणारेही आहेत. तो कागद पेटू शकतो. शिवाय छपाईची शाई अन्नाला लागते म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असं केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये पुन्हा बजावलं आहे.

जिलबीला दहा सेकंदांच्या वर देऊ नये. बाहेरून ती कोमट लागते आणि आतला पाक जीभ भाजतो. उरलेली पुरणपोळी, करंजी, मोदक यांचंही तसंच. पातळ आवरण आणि आत गोड सारण असलं की सारण जास्त तापतं. मधून मोडून, मिनिटभर थांबून खावं. घरात लहान मूल किंवा कवळी लावणारे आजोबा असतील तर हे मनावर घ्यायला हवं.

सराफ्यातली कचोरी मायक्रोवेव्हमध्ये कधीच पहिल्यासारखी होत नाही. यात यंत्राचा दोष नाही. आतलं पाणी वाफ होऊन बाहेर येतं, पण ओव्हनमधली हवा गारच असते, त्यामुळे ती वाफ सालीवर बसते आणि साल चिवट होते. कचोरी, समोसा, गराडू यांना तवा किंवा कन्व्हेक्शनची गरम हवाच लागते. उलट जे मुळातच ओलसर आणि मऊ असतं ते छान होतं. इडली, ढोकळा, साबुदाण्याची खिचडी, वरण, रस्साभाजी. पावसाळ्यात मक्याचं कणीस पानांसकट ठेवलं तर एकाला तीन-चार मिनिटं पुरतात. भुट्ट्याचा कीस काचेच्या भांड्यात होतो, फक्त दर दीड-दोन मिनिटांनी काढून ढवळावा लागतो आणि दूध थोडं थोडं घालावं लागतं. गॅसवरच्या खमंगपणाची अपेक्षा मात्र ठेवू नये.

दाणे भाजायला हे यंत्र उत्तम. वाटीभर दाणे पसरट भांड्यात घेऊन एकेक मिनिटाने हलवावेत. ओव्हनच्या ताकदीप्रमाणे चार-पाच मिनिटांत होतात. थोडे कच्चे वाटत असतानाच काढावेत, बाहेर आल्यावरही ते आतून भाजले जातच असतात. पापडाला अर्धं ते पाऊण मिनिट. कोरडा किंवा तेलकट पदार्थ आत असताना तिथून हलायचं नाही, कारण जळतो तो असाच. फोडणी गॅसवरच करावी आणि तळण तर मुळीच नको. तेल किती तापलं हे आत कळत नाही.

अंडं कवचासकट ठेवलं तर आतल्या वाफेने फुटतं. उकडून सोललेलं अंडंही गरम करताना किंवा दाताखाली येताच फुटल्याचे प्रकार आहेत. भरताचं वांगं, बटाटा, टोमॅटो यांना काट्याने चार-सहा ठिकाणी टोचून घ्यावं.

रात्रीच्या उरलेल्या अन्नाबद्दल घराघरांत एक समज आहे, की मायक्रोवेव्ह केलं म्हणजे सगळे जंतू मेले. तसं होत नाही. लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात आणि सगळीकडे सारख्या पडत नाहीत. कडेला उकळी फुटते आणि मधला गोळा फ्रिजइतकाच थंड असतो. म्हणून अन्न पसरून ठेवावं, मध्ये जागा मोकळी सोडावी, निम्म्या वेळाने ढवळावं आणि काढल्यावर एक-दोन मिनिटं झाकून ठेवावं. उरलेलं अन्न आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोचावं असा दंडक आहे. थर्मामीटर नसला तर मधून वाफ निघते का ते पाहावं. भाताचं प्रकरण वेगळं. शिजलेला भात इंदूरच्या मे महिन्यात रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू जे विष तयार करतो, ते नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा.

आणि बाळाची दुधाची बाटली यात गरम करू नये. बाटली हाताला कोमट लागते आणि मधलं दूध चटका देणारं असतं. गरम पाण्यात बाटली उभी करण्याची आजीची पद्धत आजही बरोबर आहे.

एकट्या माणसाच्या हाती देताना

सगळ्यात जास्त धोका साध्या पाण्याचा आहे. गुळगुळीत कपात पाणी एकटंच तापवलं की ते १०० अंशांच्या वर जाऊनही बुडबुडे न येता शांत दिसतं. त्यात कॉफीची पूड किंवा चमचा पडताच ते एकदम उसळून हातातोंडावर येतं. यावर उपाय सोपा आहे. पाण्यात आधीच लाकडी चमचा किंवा आइस्क्रीमची काडी ठेवावी, मिनिट-दीड मिनिटाच्या वर देऊ नये आणि बंद झाल्यावर अर्धं-एक मिनिट दार उघडू नये. दूध तापवायचं तर भांडं अर्धंच भरावं.

ओव्हन छातीच्या खालच्या उंचीवर हवा. फ्रिजवर चढवलेल्या ओव्हनमधून उकळती आमटी उतरवताना ती आधी तोंडासमोर येते, आणि सत्तरीतल्या मनगटात तेवढी ताकद नसते. शेजारी भांडं टेकायला जागा आणि सुती फडकं हवं. झाकण आपल्यापासून पलीकडच्या बाजूने आधी उचलावं, म्हणजे वाफ चेहऱ्यावर येत नाही.

पॅनेलवर वीस-पंचवीस बटणं असतात. आईबाबांना लागतात दोन, "३० सेकंद" आणि "थांबा". त्यांच्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यावा. पोहे ४० सेकंद, वरणाची वाटी १ मिनिट, दूध १ मिनिट २० सेकंद असा कागद मोठ्या मराठी अक्षरांत लिहून शेजारी चिकटवावा. आकडे त्याच ओव्हनवर करून पाहून लिहावेत, कारण ७०० आणि ९०० वॅटच्या ओव्हनची वेळ सारखी नसते. मुलांनी पुण्याला परतण्याआधी हे अर्ध्या तासाचं काम केलं तर व्हिडिओ कॉलवरची बरीच ओरडाओरड वाचते. "स्टील नाही" हे त्या कागदावर सगळ्यात वर.

आत काही पेटलंच तर दार उघडायचं नाही. बंद पेटीत हवा कमी पडते आणि आग विझते. बटण बंद करावं, हात पोचत असेल तर भिंतीवरचा स्विचही.

जागा आणि वीज

८०० वॅट लिहिलेला ओव्हन विजेचे सुमारे १२०० वॅट ओढतो, कन्व्हेक्शनचा २००० च्या वर. त्याला अर्थिंग असलेलं १६ अँपिअरचं सॉकेट हवं, एक्स्टेन्शन बोर्ड नको. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत, वाड्यांत वायरिंग पूर्वीच्या काळचं असतं. तिथे आधी इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्यावं. साध्या घरगुती इन्व्हर्टरवर ओव्हन लावू नये. व्होल्टेज पडलं की गरम व्हायला वेळ जास्त लागतो, यंत्र बिघडलं असं लगेच समजू नये. बिलाची भीतीही फार नको. १२०० वॅट दोन मिनिटं चालले तर ०.०४ युनिट होतं. दिवसातून दहा वेळा असं केलं तरी अर्ध्या युनिटाच्या आत. आपल्या बिलातला युनिटचा दर पाहून हिशेब घरीच होतो.

मागे आणि वर हवेला जागा सोडावी, किती ते पुस्तिकेत दिलेलं असतं. क्रोशाचं झाकण सुंदर असलं तरी ओव्हन चालू असताना काढून ठेवावं, नाहीतर जाळ्या बंद होऊन यंत्र आतून तापतं.

सफाई आणि झुरळं

आठवड्यातून एकदा काचेच्या भांड्यात कपभर पाणी आणि दोन चमचे लिंबाचा रस घालून, त्यात लाकडी चमचा ठेवून तीन-चार मिनिटं चालवावं. मग पाच मिनिटं दार बंदच ठेवावं. वाफेने सगळं सुटतं आणि ओल्या फडक्याने पुसता येतं. तारेची घासणी आणि सुरी नको. आतला रंग खरवडला की पत्रा उघडा पडतो, गंजतो आणि तिथे ठिणगी पडू लागते. दाराच्या कडेचा रबर आणि पट्टी रोज पुसली तर उत्तम, कारण तिथे साचलेल्या तुपकट थरामुळे दार नीट बसत नाही. गरम काचेची ताटली लगेच गार पाण्याखाली धरू नये. ताटलीखालचं चाकांचं कडं धुवायचं कोणाला आठवत नाही, आणि ताटली अडखळते ती त्यामुळेच.

झुरळं हा कंपनीच्या पुस्तिकेत न सापडणारा पण खरा त्रास आहे. पॅनेलच्या मागे ऊब असते, अन्नाचा वास असतो, त्यामुळे ती जाळीतून आत शिरतात आणि सर्किट खराब करतात. स्प्रे जाळीत मारू नये. ओव्हनखाली खरकटं राहू देऊ नये आणि जेलचे ठिपके ओट्याच्या कोपऱ्यात, ओव्हनपासून लांब लावावेत.

बिघडलं तर

आत एका बाजूला पुठ्ठ्यासारखा चौकोनी तुकडा असतो, तो अभ्रकाचा. त्यावर तेल उडून काळा डाग पडला की ठिणग्या येतात. हा तुकडा स्वस्त असतो आणि मापात कापून बसवता येतो. महाराणी रोडसारख्या विजेच्या सामानाच्या बाजारात विचारलं की सोय होते. तो काढून टाकून ओव्हन वापरू नये.

दिवा लागतो, ताटली फिरते, पण गरम होत नाही, असं असेल तर बिघाड बहुधा उच्च दाबाच्या भागात. इथे घरातल्या हौशी माणसाने स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा नाही. आतल्या कपॅसिटरवर दोन हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो भार काही काळ राहू शकतो. टीव्ही, मिक्सर दुरुस्त करणाऱ्यांनाही याचे झटके बसले आहेत आणि असा झटका जीव घेऊ शकतो. सेवा केंद्राचा माणूस बोलवावा. बऱ्याच कंपन्या मॅग्नेट्रॉनवर वेगळी, जास्त वर्षांची हमी देतात, म्हणून कार्ड आणि बिल जपून ठेवावं.

दुरुस्तीचा खर्च नव्या ओव्हनच्या निम्म्यावर जात असेल तर बदललेला बरा. जुना ओव्हन भंगारवाल्याला देऊन तो गल्लीत फोडला जाऊ नये. काही मॅग्नेट्रॉनच्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असू शकतं आणि त्याची धूळ फुफ्फुसाला घातक असते. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी अशा कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, नवा घेताना दुकानदाराला जुना परत घेण्याबद्दल विचारावं. इंदुरात कचरागाडीवर ओला, सुका याबरोबर ई-कचऱ्याचा कप्पाही वेगळा असतो. अख्खा ओव्हन त्यात मावत नाही, पण गाडीवरच्या माणसाला सांगितलं तर तो कुठे द्यायचा ते कळतं. जळगाव, धुळे, बुलढाण्याकडच्या वाचकांनी आपल्या नगरपालिकेत चौकशी करावी. देण्याआधी वायर कापून ठेवावी, म्हणजे तो कोणी पुन्हा जोडून पाहणार नाही.